‘तीन’ म्हणजे नक्की काय? एकत्र संघ, चाहते आणि संमिश्र भावना मोजायचा प्रश्न

किहीममधला एखादा मुलगा चांगला फुटबॉल खेळतो असं समजा. जिल्ह्यातून निवड होत होत तो वर गेला तर संतोष ट्रॉफीला महाराष्ट्राच्या संघात पोचेल. तिथे त्याच्या शेजारी मुंबईचा गोलकीपर असेल, कोल्हापूरचा स्ट्रायकर असेल, नागपूरचा डिफेंडर असेल. फुटबॉलमध्ये राज्याचा कारभार एकाच संघटनेकडे आहे, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे.

आता त्याच घरातला धाकटा भाऊ क्रिकेट खेळतो. क्रिकेटच्या नकाशावर रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये येतो. मांडव्याहून बोटीत बसलं की तासाभरात गेटवे, घाट चढून पुण्याला जायचं तर अर्धा दिवस. पण हा भाऊ रणजीला मुंबईच्या विरुद्ध उतरणार. पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईकडून खेळतो, नागपूरचा मुलगा विदर्भाकडून. म्हणजे राज्य एक, फुटबॉलचा संघ एक, आणि क्रिकेटचे तीन.

या दोघा भावांना, त्यांच्या वडिलांना आणि किनाऱ्यावर संध्याकाळी खेळणाऱ्या सगळ्यांना तुम्ही एक प्रश्न विचारता: ‘क्रिकेटमध्येही राज्याचा एकच संघ असावा का? १ ते ५ मध्ये सांगा.’ शंभर फॉर्म भरून घेता, सरासरी येते ३. तुम्ही लिहिता, ‘एकत्र संघाबाबत चाहत्यांच्या भावना संमिश्र आहेत.’

हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता वाचतानाच पेन खाली ठेवावंसं वाटतं. कारण ‘३’ या आकड्यात काय लपलंय हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं. पहिला माणूस ३ देतो कारण त्याला रणजीशी काही देणंघेणं नाही. दुसरा देतो कारण त्याला प्रश्न नीट कळला नाही आणि तुम्ही लवकर जावं असं वाटतंय. तिसऱ्याला मात्र एकत्र संघ मनापासून हवा आहे, आणि तितक्याच मनापासून नको आहे. संशोधनाचा विषय खरं तर हा तिसरा आहे, आणि पाच खणांची पट्टी नेमकं त्यालाच पहिल्या दोघांत मिसळून टाकते.

मानसशास्त्रात या तिसऱ्याच्या अवस्थेला अँबिव्हॅलन्स म्हणतात. मराठीत ‘द्विधा’ जवळ जातो. उदासीनता वेगळी, द्विधा वेगळी. हे मोजायचा एक सरळ मार्ग १९७२ साली कॅप्लन यांनी सुचवला: एका प्रश्नाचे दोन करा. ‘एकत्र संघाच्या फक्त चांगल्या बाजूंचा विचार करा, त्या तुम्हाला किती भावतात?’ आणि मग स्वतंत्रपणे, ‘फक्त खटकणाऱ्या बाजूंचा विचार करा, त्या किती खटकतात?’ पुढे १९९५ मध्ये थॉम्पसन, झन्ना आणि ग्रिफिन यांनी या दोन उत्तरांतून एक आकडा काढायचं सूत्र वापरात आणलं. दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची आणि त्यातून दोघांमधला फरक वजा करायचा.

करून बघा. भावतं ४, खटकतं ४: सरासरी ४, फरक ०, उत्तर ४. भावतं १, खटकतं १: सरासरी १, फरक ०, उत्तर १. भावतं ४, खटकतं १: सरासरी अडीच, फरक ३, उत्तर उणे अर्धा. पहिला माणूस ओढाताणीत आहे, दुसऱ्याला फारसं काही वाटत नाही, तिसऱ्याचं मत पक्कं आहे. जुन्या पट्टीवर पहिल्या दोघांनी ‘३’ लाच टिक केली असती.

पण लगेच नाचू नका. हे सूत्र ओढाताण आहे एवढं सांगतं, कशामुळे आहे ते सांगत नाही. शिवाय सूत्रातून निघालेली ओढाताण आणि माणसाला स्वतःला जाणवणारी ओढाताण यांचा संबंध अभ्यासांत जेमतेम मध्यमच निघतो. काही लोक परस्परविरोधी गोष्टी मनात शांतपणे बाळगतात. (कुठल्याही सणाला घरी जाऊन बघा.) म्हणून ‘याबद्दल तुमच्या मनात रस्सीखेच होते का?’ हा तिसरा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो.

आता ‘कशामुळे’ कडे येऊ. खरं काम तिथे आहे.

‘एकत्र संघ’ ऐकायला एक गोष्ट वाटते, पण ती पाच-सहा गोष्टींची मोळी असते: नाव कुठलं, झेंडा आणि गीत कुठलं, निवड कोण करणार, सामने कुठल्या मैदानावर, आणि खेळ चालवणाऱ्या संस्थेत मत कोणाचं. चाहत्याला यातली एक गोष्ट हवी असते आणि दुसरी नको असते. तुम्ही मोळी न सोडता विचारलंत, तर उत्तरही मोळीचंच मिळणार.

जगातलं सर्वात जास्त चघळलं गेलेलं उदाहरण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं. ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या चार स्वतंत्र संघटना आहेत: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. ऑलिंपिकमध्ये मात्र देश म्हणून ग्रेट ब्रिटन उतरतं. १९६० नंतर ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत त्यांचा फुटबॉल संघ खेळला नव्हता. घरचं ऑलिंपिक म्हटल्यावर संघ हवाच, असं ठरलं, आणि बाकीच्या तिघा संघटनांनी विरोध केला. त्यांची भीती खेळाबद्दल नव्हती. ‘एकदा एकत्र खेळलात की उद्या जग विचारेल, मग चार संघटना कशाला?’ ही ती भीती. आणि ती हवेतली नव्हती. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळात एकूण आठ मतं आहेत. चार फिफाची, आणि उरलेली चार या चार ब्रिटिश संघटनांची, प्रत्येकी एक. इतकं वजन कोण घालवेल? फिफाने आश्वासनं दिली तरी संशय गेला नाही.

शेवटी पुरुषांच्या संघात इंग्लिश आणि वेल्श खेळाडू होते, स्कॉटिश आणि उत्तर आयरिश एकही नाही. कप्तान वेल्सचा रायन गिग्ज. गिग्ज आणि क्रेग बेलामी राष्ट्रगीताच्या वेळी गात नव्हते, त्यावरून गदारोळ झाला. उपांत्यपूर्व सामना झाला कार्डिफला, म्हणजे वेल्सच्याच राजधानीत, आणि ते दक्षिण कोरियाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. महिलांच्या संघात स्कॉटलंडच्या किम लिटल आणि इफेओमा डिएके होत्या. त्यांच्या ब्राझीलविरुद्धच्या सामन्याला वेम्बलीवर सत्तर हजारांहून जास्त लोक आले. पुरुषांचा संघ त्यानंतर पुन्हा उतरला नाही, महिलांचा टोकियोत उतरला. माझ्या मते यात शिकण्यासारखं आहे ते हे की एकाच प्रश्नावर पुरुषांच्या आणि महिलांच्या फुटबॉलचं गणित वेगळं निघतं. पुरुषांसाठी ऑलिंपिक ही दुय्यम स्पर्धा, त्यात मुख्य संघच उतरत नाही. महिलांसाठी तो मोठा मंच आहे. तेव्हा तुमच्या फॉर्मवर नुसतं ‘संघ’ लिहू नका, कुठला संघ ते लिहा.

हे सगळं ब्रिटनचं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर आपल्याकडचा २०१६ चा निकाल आठवा. न्यायमूर्ती लोढा समितीने क्रिकेट मंडळासाठी ‘एक राज्य, एक मत’ सुचवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये ते मान्य केलं. महाराष्ट्रात तीन संघटना, गुजरातमध्ये तीन (गुजरात, बडोदा, सौराष्ट्र), आणि ईशान्येतल्या कितीतरी राज्यांना मतच नाही, हा त्यामागचा मुद्दा. रास्तच होता. पण त्याचा अर्थ असा झाला की मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र यांनी एक मत आळीपाळीने वापरायचं. ज्या मुंबईच्या नावावर तेव्हाच ४१ रणजी विजेतेपदं होती, तिचं पूर्ण सदस्यत्व गेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने हा भाग बदलला आणि तिघांनाही मत परत मिळालं.

लक्षात घ्या, या संपूर्ण काळात मैदानावरचे संघ तीनच राहिले. एकत्र केलं होतं ते फक्त मत. त्या दोन वर्षांत तुम्ही ‘राज्याचं क्रिकेट एकत्र यावं का?’ असा सर्व्हे घेतला असतात, तर अर्ध्या लोकांनी संघाबद्दल उत्तर दिलं असतं आणि अर्ध्यांनी मताबद्दल, आणि तुम्ही दोघांची सरासरी काढली असती.

आता नागपूरच्या चाहत्याच्या बाजूने बघा. विदर्भ कित्येक दशकं रणजीत खेळत होता आणि कोणी फार दखल घेत नव्हतं. २०१७-१८ ला पहिल्यांदा करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई विरुद्ध विदर्भ असा अंतिम सामना झाला, एकाच राज्यातले दोन संघ, मुंबई जिंकली आणि आकडा ४२ वर गेला. पुढच्या मोसमात उपांत्य फेरीत विदर्भाने मुंबईला नागपुरात हरवलं आणि तिसरा करंडक घेतला. एकत्र संघ असता तर यातला एकही सामना झाला नसता. पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. विदर्भाच्या त्या पहिल्या दोन विजेतेपदांत प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते आणि फलंदाजीचा कणा होता वसीम जाफर. दोघंही मुंबईचे. नागपूरकराने त्यांना परकं मानलं का? हा प्रश्न फॉर्मवर टिक करून सुटणारा नाही, त्यासाठी बसून बोलावं लागतं.

इथे दोन थिअरी उपयोगी पडतात, आणि त्या एकमेकींशी भांडतात म्हणून जास्तच उपयोगी आहेत. पहिली गेर्टनर आणि डॉविडिओ यांची, १९९३ ची: दोन गटांवर एक मोठं ‘आपण’ पांघरलं की त्यांच्यातला दुरावा कमी होतो. दुसरी मुमेंडे आणि वेन्झेल यांची, १९९९ ची. त्या म्हणतात, थांबा. मोठं ‘आपण’ तयार झालं की प्रत्येक गट त्यावर स्वतःचाच चेहरा लावतो. मोठ्या गटाला वाटतं, आपण म्हणजेच ते सगळे. मग लहान गट त्या मोजमापात नेहमी थोडा कमी पडलेला दिसतो. ‘ब्रिटन म्हणजे इंग्लंडच’ ही स्कॉटिश तक्रार, आणि ‘महाराष्ट्राचा संघ म्हणजे मुंबईचाच होईल’ ही शंका, दोन्ही या चौकटीत बसतात. संतोष ट्रॉफीचं जुनं रेकॉर्ड बघा, १९५४ चं विजेतेपद ‘मुंबई’ च्या नावावर आहे आणि १९६३-६४ चं ‘महाराष्ट्रा’ च्या. मध्ये १९६० आलं, पाटी बदलली. पाटी बदलल्याने ‘आपण’ बदललं का, हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

एकत्र संघाचा चेहरा कोणाचा, हा वाद या किनाऱ्याला नवा नाही. मुंबईत क्रिकेट स्पर्धा धर्मवार होत: १९०७ पासून युरोपीय, पारशी आणि हिंदू, १९१२ पासून मुस्लिमही, १९३७ पासून ‘इतर’ असा पाचवा संघ. या सगळ्यांतून १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराजा, आणि दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा गोलंदाज पळवणकर बाळू, जातीने चांभार. देशाच्या एकत्र संघाचा तो सर्वात मोठा आधार होता, पण घरच्या हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्याचा भाऊ विठ्ठल याला, १९२३ मध्ये. आता मला सांगा, तेव्हाच्या परळमधल्या एखाद्या दलित क्रिकेटप्रेमीला ‘हिंदू संघाबद्दल काय वाटतं?’ विचारलं असतं तर त्याने १ ते ५ मध्ये काय दिलं असतं? त्याला बाळूचा अभिमान ५ आणि संघाचा राग ५. सरासरी काढणारा लिहील, भावना मध्यम.

तर मग विचारायचं कसं? इथे मराठीत संशोधन करणाऱ्याला एक फायदा आहे, जो इंग्रजी प्रश्नावलीला मिळत नाही. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ला एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून ‘आम्ही’, त्याला सोबत घेऊन ‘आपण’. विदर्भ जिंकल्यावर नागपूरचा माणूस किहीमच्या माणसाला ‘आम्ही जिंकलो’ म्हणेल की ‘आपण जिंकलो’? कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना चालू असताना दोन्ही पेठांचे लोक ‘आम्ही’ च म्हणणार. पण कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा त्याच लोकांच्या तोंडी कुठला शब्द आला, हे शोधण्यासारखं आहे. मुलाखत घ्या, रेकॉर्डिंग लिहून काढा आणि प्रत्येक ‘आम्ही’, ‘आपण’, ‘ते’ खुणेने वेगळं करा. कुणाला कुठे आत घेतलं आणि कुठे बाहेर ठेवलं याचा नकाशाच तयार होतो, आणि तोही त्या माणसाला ‘तुमची ओळख काय?’ असला अवघड प्रश्न न विचारता.

दुसरा शब्द ‘पण’. ‘संमिश्र भावना’ हे पेपरातलं मराठी. बोलताना कोणी असं म्हणत नाही. माणूस म्हणतो, ‘तसं बरंच आहे, पण...’ या ‘पण’ च्या आधी काय येतं आणि नंतर काय येतं हे दोन रकान्यांत लिहा. बहुतेकदा आधी येतं ते जे तुम्हाला ऐकायला आवडेल असं त्याला वाटतं.

अडचणीही सांगतो. मुंबईच्या बोलण्यात ‘आपण नाय येणार’ म्हणजे ‘मी येणार नाही’. सभ्य बोलण्यात ‘आपण बसा’ म्हणजे ‘तुम्ही’. तेव्हा नुसतं मोजणारं सॉफ्टवेअर इथे तोंडावर आपटतं, प्रत्येक वाक्य संदर्भासह वाचावं लागतं. अलिबागच्या पट्ट्यात आगरी-कोळी बोलीत रूपं आणखी बदलतात. लिहून काढताना ती ‘शुद्ध’ करू नका, त्यातच तुमचा डेटा आहे. आणि तुम्ही स्वतः कुठले आहात हे समोरच्याला कळलं की त्याचा ‘आपण’ बदलतो, म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या वर मुलाखत घेणाऱ्याचं गाव नोंदवा. किनाऱ्यावर खेळणारी मुलं अठराच्या आतली असतील तर आधी आईवडिलांची लेखी संमती.

वेळेचंही तेच. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन्ही कोरियांचा महिला आइस हॉकीचा एकत्र संघ ऐन वेळी ठरला, तेव्हा दक्षिणेतले तरुण चिडले: आपल्या मुलींनी वर्षानुवर्षं घाम गाळला, त्यांची जागा राजकारणासाठी का द्यायची? पण १९९१ मध्ये याच दोन देशांचा एकत्र संघ टेबल टेनिसच्या महिला सांघिक स्पर्धेत जगज्जेता झाला होता, आणि त्याच वर्षी एकत्र युवा फुटबॉल संघ विश्वस्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. त्या पिढीला विचारलं तर त्या आठवणीसकट उत्तर येणार. एकदाच विचारून मोकळं झालात, तर पिढीचा फरक आणि काळाचा फरक वेगळा काढता येत नाही.

किहीमचं नाव संशोधनात याआधी आलं ते अशाच चिकाटीमुळे. १९३० मध्ये नोकरी नसलेले सालिम अली इथे राहत होते आणि सुगरण पक्ष्यांची तीच ती घरटी पुन्हा पुन्हा बघत होते. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि मग तोच नर पुढचं घरटं विणायला घेतो. एका भेटीत एवढं दिसलं नसतं.

तुम्हाला विषय हवा असेल तर एक तयार आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट असणार आहे, पुरुष आणि महिलांचे प्रत्येकी सहा संघ. तिथे इंग्लंड नाही, ग्रेट ब्रिटन असेल, म्हणजे फुटबॉलचा जुना वाद क्रिकेटमध्ये. आणि वेस्ट इंडीजचं उलटं: तो ऑलिंपिकमधला देशच नाही, त्यामुळे एकत्र संघ सोडून बार्बाडोस, जमैका अशा वेगवेगळ्या नावांनी जागा शोधावी लागणार. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बार्बाडोसच्या महिला असंच स्वतंत्र खेळल्या होत्या. एकीकडे जोडला जाणारा संघ, दुसरीकडे सुटणारा, आणि दोन्हींच्या आधीची मोजणी करायला अजून वेळ शिल्लक आहे. दोन प्रश्न वेगळे, रस्सीखेचीचा तिसरा, मोळी सोडून पाच-सहा छोटे, आणि शेवटी रेकॉर्डर चालू ठेवून मोकळ्या गप्पा. पहिली चाचणी दहा जणांवर घ्या, तीही घरच्यांवर नको.